पोलादालाही थंडी बाधते

वैशाखाच्या उंबरठ्यावर, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, थंडीविषयी बोलावयास उभे राहणे जरा विपरीत वाटेल. परंतु मला जी थंडी सांगावयाची आहे ती माणसाची नव्हे. ती पोलादाची आणि प्लॅस्टिकची आहे. माणसाला थंडी वाजली तर तो घोंगडी ओढून घेतो, कुरकुरतो, निदान दात तरी वाजवतो. पोलाद यांपैकी काहीच करीत नाही. ते कालच्यासारखेच दिसते, कालच्याइतकाच भार उचलते, आणि मग एखाद्या क्षणी काचेसारखे फुटते.

कारखान्यात एखादी वस्तू मोडली म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की 'कोणी मोडली?' कामगार संघटनेचे काम करणाऱ्याला अपघातांच्या चौकशीला बसावे लागते, आणि तेथे हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. 'मोडली तेव्हा ती किती थंड होती?' हा प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो. आघात सोसण्याची पदार्थाची शक्ती उष्णतामानाबरोबर कशी बदलते हे एकदा समजले, म्हणजे हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी का विचारला पाहिजे ते ध्यानात येईल. आजच्या व्याख्यानाचा हेतू एवढाच आहे.

ताकद वेगळी, चिवटपणा वेगळा

आपल्या रोजच्या बोलण्यात 'मजबूत' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गुणांना लावतो, आणि घोटाळ्याची सुरुवात तेथूनच होते. एखादी वस्तू तुटण्यापूर्वी किती भार सहन करते, ही झाली तिची ताकद. तुटता तुटता ती किती ऊर्जा स्वतःत जिरवते, हा झाला तिचा चिवटपणा. काचेची कांडी आणि चामड्याचा पट्टा घ्या. काच हळूहळू ओढली तर ती बराच भार पेलते. परंतु हातोडीचा एक टोला तिला पुरतो. चामड्यावर टोले घालून घालून हात दुखेल, पण चामडे फुटणार नाही. काचेपाशी ताकद आहे, चिवटपणा नाही. आणि टोला म्हणजे भार नव्हे, टोला म्हणजे ऊर्जा. ती ऊर्जा जिरवावयास जागा नसली की वस्तू फुटते.

आता गंमत पाहा. साध्या पोलादाची सळई थंड करून यंत्रात सावकाश ओढली, तर ती तोडावयास अधिकच भार लागतो. म्हणजे थंडीने पोलादाची ताकद वाढते. याच सळईला एक खाच पाडून, तिला थंड करून तिच्यावर टोला घातला, तर ती उबेत असताना लागणाऱ्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्यातही तुटू शकते. ताकद वाढली आणि चिवटपणा गेला. म्हणूनच ज्या प्रमाणपत्रावर केवळ ताकदीचा आकडा आहे, ते थंडीच्या बाबतीत आपल्याला काहीच सांगत नाही, उलट, फसवते.

धक्क्याला बांधलेले जहाज

हे ज्ञान जगाला स्वस्तात मिळालेले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मालवाहू जहाजे बांधण्याचा जो सपाटा लावला, त्यात 'लिबर्टी' या एकाच नमुन्याची २,७१० जहाजे १९४१ ते १९४५ या काळात तयार झाली. पूर्वी जहाजाचे पत्रे एकमेकांवर ठेवून रिव्हेटांनी ठोकीत. हे काम कसबाचे आणि वेळखाऊ. नव्या जहाजांत पत्रे वेल्डिंगने जोडले जाऊ लागले. गोद्यांत हजारो नवखे कामगार आले; त्यांत कालपर्यंत घर सांभाळणाऱ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये एक जहाज पाच दिवसांच्या आतच पाण्यात सोडून दाखविण्याचा विक्रमही झाला.

त्यानंतर जहाजे चिरू लागली. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे 'शेनेक्टडी' नावाचे एक नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधून उभे होते. समुद्रातील चाचण्या नुकत्याच पार पडलेल्या. वादळ नाही, लाटा नाहीत, पाणी शांत. हवेचे उष्णतामान शून्याखाली सुमारे तीन अंश आणि पाण्याचे शून्यावर सुमारे चार अंश सेल्सिअस. अशा वेळी मैलभर ऐकू जाईल असा आवाज झाला आणि जहाजाच्या वरच्या तक्तपोशीपासून दोन्ही बाजूंनी खाली तळापर्यंत चीर गेली. जहाज मधोमध उकललेल्या चाकूसारखे वर उचलले गेले. कोणी धडक दिली नव्हती, कोणी काही आपटले नव्हते.

युद्ध संपेपर्यंत अशा लक्षात येण्याजोग्या ठिसूळ चिरा पडल्याच्या सुमारे दीड हजार घटना नोंदल्या गेल्या. बारा जहाजे पूर्वसूचना न देता दुभंगली, आणि त्यांत तीन लिबर्टी जहाजे होती. २४ नोव्हेंबर १९४३ रोजी बुडालेल्या 'जॉन पी. गेन्स' या त्यांच्यापैकी एका जहाजाबरोबर दहा माणसे गेली.

संशय कोणावर गेला, हे सांगावयास हवे काय? तो गेला गोदीतल्या वेल्डरांवर. हात नवखे, काम घाईचे, बायकाही कामाला. मग जोड कच्चे राहणारच, असा तर्क बांधला गेला. काही जोड खरोखरच वाईट होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट या तर्कात बसत नव्हती. कित्येक चिरा जोडाच्या बाजूने न जाता सरळ अखंड पत्र्यातून गेल्या होत्या. जोडणाऱ्याचा हात जेथे लागलाच नव्हता, तेथे पत्रा फुटला होता.

या कोड्याचा उलगडा करण्यात मोठा वाटा होता केंब्रिज विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांचा. त्यांनी तुटलेल्या पत्र्यांचे तुकडे तपासले आणि दाखवून दिले की दोष पोलादाच्या जातीतच आहे. हे पोलाद एका ठरावीक उष्णतामानाच्या वर चिवट असते, त्याखाली ते ठिसूळ होते. आणि उत्तर अटलांटिकचे थंड पाणी काही पत्र्यांना त्या मर्यादेच्या खाली नेत होते. रिव्हेटांची जहाजेही तशाच पोलादाची असत. मग ती का दुभंगत नव्हती? कारण तेथे एका पत्र्यात गेलेली चीर त्या पत्र्याच्या काठाशी येऊन थांबे. पुढचा पत्रा वेगळा असे. वेल्डिंगने सगळे जहाज म्हणजे एकच अखंड पत्रा झाला. चिरेला थांबावयास काठच उरला नाही.

शिवाय आराखड्यात एक खोट होती. तक्तपोशीवर माल उतरविण्याची जी तोंडे होती, त्यांचे कोपरे चौकोनी, टोकदार होते. सदऱ्याला कातरीने लहानशी चीर दिली की हाताने सगळे कापड टरकन फाटते, तद्वत् सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होई. म्हणून पुढे ते कोपरे गोल केले गेले, तक्तपोशीच्या कडेला चीर अडविणाऱ्या रिव्हेटांच्या पट्ट्या बसविल्या गेल्या, आणि जहाजाच्या पोलादाची घडणही सुधारली गेली. टिपरबाई १९४९ साली केंब्रिजला रीडर झाल्या. पोलाद तपासणाऱ्या या बाईंनी नकळत हजारो वेल्डरांवरचा आळही अर्धाअधिक धुऊन काढला, असे मला वाटते.

शार्पीचा लंबक

एखादे पोलाद किती चिवट आहे हे मोजावयाचे कसे? १९०१ साली जॉर्ज शार्पी या फ्रेंच अभियंत्याने त्याची जी पद्धत घालून दिली, ती किरकोळ सुधारणांनिशी आजही चालू आहे. पोलादाचा ५५ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद-जाड असा तुकडा घेतात. त्याच्या मधोमध दोन मिलिमीटर खोल अशी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडतात. तुकडा दोन टेकूंवर आडवा ठेवतात आणि खाचेच्या पाठीमागच्या बाजूवर एक जड लंबक सोडतात. लंबक तुकडा तोडून पलीकडे वर जातो. जितक्या उंचीवरून तो सोडला आणि जितक्या उंचीपर्यंत तो पलीकडे गेला, त्या दोहोंतील फरक म्हणजे तुकड्याने जिरवलेली ऊर्जा. यंत्र इतके साधे की ते पाहून शाळेतल्या मुलालाही समजावे. इंग्लंडमध्ये आयझॉड याने १९०३ मध्ये अशीच दुसरी पद्धत सुचविली; तीत तुकडा उभा, एका टोकाशी शिकंजात धरलेला असतो. प्लॅस्टिकसाठी या दोन्ही पद्धती वापरतात.

आता एकाच पोलादाचे पुष्कळ तुकडे करा. काही उबदार खोलीत ठेवा, काही बर्फात, काही त्याहूनही थंड द्रवात, आणि एकेक काढून लगेच तोडा. साध्या पोलादाच्या बाबतीत उबेत शंभर ज्यूलांच्या वर असलेला आकडा थंडी वाढेल तसा घसरतो आणि उणे चाळीसच्या आसपास दहा-वीसवर येऊन टेकलेला आढळू शकतो. ही घसरण जिन्यावरून सावकाश उतरल्यासारखी नसते. थोड्याच अंशांच्या टप्प्यात एकदम कड्यावरून खाली आल्यासारखी असते. या टप्प्याला संक्रमणाचे उष्णतामान म्हणतात. तुटलेला तुकडा हातात घेतला तर डोळ्यांनाही फरक दिसतो. उबेत तुटलेला तुकडा राखी, धाग्याधाग्यांचा, ओढून फाटल्यासारखा. थंडीत तुटलेला चकचकीत, खडीसाखरेसारख्या कणांचा, सपाट. कारखान्यातले जुने कारागीर असा चकचकीत तुकडा पाहून 'लोखंड शिळे झाले' असे म्हणत. लोखंड शिळे होत नाही. ते ठिसूळ तुटले, एवढाच त्याचा अर्थ.

लोखंडाला थंडी का बाधते?

धातू म्हणजे अणूंचे रचून ठेवलेले थर. धातू वाकतो, लांबतो, तेव्हा हे थर एकमेकांवरून घसरतात. सगळा थर एका वेळी घसरत नाही. मोठी सतरंजी ओढून सरकत नसली, तर आपण तिच्या एका टोकाला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती पायाने पुढे पुढे ढकलत नेतो. सतरंजी थोडी पुढे सरकते. धातूच्या स्फटिकातही अशाच सुरकुत्या असतात आणि त्यांच्या सरकण्यानेच धातू वाकतो. या सरकण्यात आघाताची ऊर्जा जिरते.

लोखंडातील अणूंची रचना अशी आहे की ही सुरकुती पुढे ढकलावयास अणूंच्या स्वतःच्या कंपनाचा, म्हणजेच उष्णतेचा, हातभार लागतो. उष्णता कमी झाली की सुरकुत्या अडून बसतात. मग धातूपुढे दुसरा मार्ग उरतो: थर घसरण्याऐवजी एकमेकांपासून सरळ विलग होणे. त्याला ऊर्जा फार थोडी लागते आणि चीर एका सेकंदात शेकडो मीटर, कधी त्याहूनही पुष्कळ वेगाने धावते. माणसाला पळावयास सवड मिळत नाही ती यामुळे.

येथे तीन गोष्टी एकमेकींच्या साथीदार आहेत: थंडी, खाच आणि आघात. थंडीने थर घसरण्यास अडतात. खाचेच्या टोकाशी धातू सर्व बाजूंनी ताणला जाऊन जखडतो, त्यामुळेही घसरणे अवघड होते. आणि आघात इतका झटपट येतो की सुरकुत्यांना सरकावयास वेळच मिळत नाही. पत्रा जाड असला तर जखडणे आणखी वाढते. म्हणून 'जाड घातले, आता भीती नाही' हे म्हणणे थंडीत खरे ठरत नाही. एकेकटी यांतली प्रत्येक गोष्ट पोलाद सहन करील. तिघी एकत्र आल्या की मामला संपला.

सगळ्याच धातूंची ही गत नाही. तांबे, ॲल्युमिनियम, निकेल यांच्या अणूंची रचना निराळी. त्यांत सुरकुती सरकावयास उष्णतेची मदत जवळजवळ लागत नाही, म्हणून ते कडाक्याच्या थंडीतही चिवट राहतात. क्रोमियमबरोबर पुरेसे निकेल घातलेले, लोहचुंबकाला न चिकटणारे स्टेनलेस पोलादही याच पंगतीतले. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांवर साठवितात. त्याच्या टाक्यांच्या आतल्या भिंतीला नऊ टक्के निकेलचे पोलाद वापरण्याची पद्धत आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला असा वायू जहाजांनी येतो. कोकणच्या दमट उकाड्यात, भिंतीच्या एका बाजूला घाम आणि दुसऱ्या बाजूला उणे १६२ अंश, असा तेथला प्रकार असतो.

प्लॅस्टिक: गुळाच्या पाकाचा भाऊ

प्लॅस्टिकची गोष्ट समजावयास प्रयोगशाळा नको. संक्रांतीचे स्वयंपाकघर पुरे. चिक्कीसाठी केलेला गुळाचा पाक गरम असताना ओघळतो, कोमट झाला की ओढला तर तार धरतो, आणि गार झाला की कटकन मोडतो. पाक तोच, फरक उष्णतामानाचा. प्लॅस्टिकमध्ये अणूंच्या लांबच लांब साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पुरेशी उष्णता असेपर्यंत त्यांचे दुवे वळवळू शकतात आणि आघात जिरवू शकतात. एका उष्णतामानाच्या खाली ही वळवळ थिजते आणि प्लॅस्टिक काचेसारखे होते. याला काच-संक्रमणाचे उष्णतामान म्हणतात, आणि ते प्रत्येक प्लॅस्टिकचे वेगळे असते.

पॉलिस्टायरीनचे ते सुमारे १०० अंश. म्हणजे आपल्या घरातल्या हवेत ते आधीच थिजलेले आहे. म्हणून फ्रीजमधला पारदर्शक खण हातातून पडला की तडकतो. पॉलिएथिलीनचे ते उणे १०० अंशांच्याही खाली. म्हणून दुधाच्या पिशव्यांचे क्रेट शीतगृहात आपटले तरी टिकतात. पॉलिप्रॉपिलीनचे ते शून्य अंशाच्या आसपास, आणि फसगत होते ती येथेच. या प्लॅस्टिकचा डबा उन्हाळ्यात ओट्यावरून पडला तर उसळी मारतो. तोच बर्फाच्या कपाटातून काढून टाकला तर त्याचे तुकडे होतात. वापरणाऱ्याला वाटते की डबा वाईट निघाला. डबा तोच आहे. तो आपल्या संक्रमणाच्या उष्णतामानाखाली गेला आहे.

नियमाला अपवाद आहेत. पॉलिकार्बोनेटचे काच-संक्रमण सुमारे १५० अंशांवर असूनही ते साध्या हवेत अतिशय चिवट असते, कारण त्याच्या साखळ्यांतील काही लहान हालचाली थंडीतही चालू राहतात. तरी त्याच्या जाड तुकड्याला टोकदार खाच पडली आणि थंडी वाढली, की तेही ठिसूळ तुटते. ठिसूळ प्लॅस्टिकला चिवट करण्याची युक्तीही माणसाने शोधली आहे: त्यात रबराचे सूक्ष्म कण मिसळावयाचे. आघात झाला की प्रत्येक कणाभोवती ताण वाटला जातो, एक मोठी चीर पडण्याऐवजी असंख्य बारीक चिरा पडतात आणि ऊर्जा त्यांत जिरते. परंतु ते रबरही थिजेल इतकी थंडी पडली, की युक्ती संपली.

कामगाराच्या डोक्यावरची टोपीही प्लॅस्टिकचीच असते. युरोपातील औद्योगिक शिरस्त्राणांच्या ३९७ क्रमांकाच्या मानकात टोपीची आघात-चाचणी उणे १० अंशांना थंड करून आणि ५० अंशांना तापवून, अशी दोन्ही टोकांना घेण्याचा नियम घातलेला आहे. नियम करणाऱ्यांना एक गोष्ट उमगली होती: टोपी 'मजबूत आहे' हे वाक्य अर्धे आहे, 'किती उष्णतामानाला' हे शब्द जोडल्यावाचून ते पुरे होत नाही.

लाँगफर्ड, १९९८

कोणी म्हणेल, लिबर्टी जहाजांची गोष्ट जुनी झाली. आता अभियंत्यांना हे सर्व ठाऊक आहे. खरे आहे. परंतु अभियंत्याला ठाऊक असणे आणि रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक असणे, यांत मोठे अंतर असते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्ड येथे एस्सो कंपनीचा नैसर्गिक वायू शुद्ध करण्याचा कारखाना आहे. २५ सप्टेंबर १९९८ रोजी सकाळी तेथे गरम तेल फिरविणारे पंप बंद पडले आणि काही तास बंदच राहिले. वायू आणि त्यातून निघणारे थंड द्रव मात्र वाहत राहिले. एरवी सुमारे १०० अंशांवर असणारे उष्णता-विनिमयाचे एक पात्र थंड होत होत उणे ४८ अंशांपर्यंत आले. बाहेरून त्यावर बर्फ धरला. ते ज्या पोलादाचे होते, ते त्या थंडीसाठी नव्हतेच.

काम करणाऱ्यांनी कारखाना पूर्ववत् करावा म्हणून गरम तेल पुन्हा सोडले. थिजलेल्या पोलादात एकाएकी गरम तेल शिरले. आत प्रसरण, बाहेर आकुंचन, असा ताण उत्पन्न झाला आणि पात्र फुटले. सुटलेल्या वायूला आग लागली. दोन कामगार ठार झाले, आठ जखमी झाले. आग दोन दिवस धुमसत राहिली, आणि राज्यातील लाखो घरांना आणि कारखान्यांना सुमारे दोन आठवडे वायू मिळाला नाही.

कंपनीने बोट दाखविले ते काम करणाऱ्याकडे: त्याला शिकविले होते, त्याने ते पाळले नाही. सर डॅरिल डॉसन यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९९९ साली आपला अहवाल दिला आणि हे म्हणणे फेटाळले. थंड झालेले पोलाद ठिसूळ होते आणि त्यात गरम तेल सोडणे घातक आहे, हे ज्ञान कामगारांना दिलेच गेले नव्हते. त्या विभागात धोक्यांची पद्धतशीर तपासणीही झालेली नव्हती. आणि कारखान्यातले अभियंते काही वर्षांपूर्वीच दूर मेलबर्नच्या कचेरीत हलविले गेले होते, असे आयोगाला आढळले. २००१ मध्ये न्यायालयाने कंपनीला वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

१९४३ आणि १९९८ यांच्यामध्ये पंचावन्न वर्षे आहेत. ज्ञान वाढले, यंत्रे बदलली. परंतु थंडीने केलेल्या कामाचे खापर कोणाच्या माथी फुटावयाचे, ती रीत मात्र बदलली नाही.

आपल्या गावची थंडी

आपल्याकडे निफाडला पारा उतरला तर वर्तमानपत्रात बातमी येते. मग आपल्याला याचे काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु कारखान्यातली थंडी आकाशातून पडत नाही. ती नळातून येते. दाबाखाली द्रवरूपात ठेवलेले वायू पाहा. साध्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंशांवर उकळतो, क्लोरीन उणे ३४ अंशांवर, आणि स्वयंपाकाच्या वायूतील प्रोपेन उणे ४२ अंशांवर. टाकीचा दाब एकाएकी उतरला, झडप गळू लागली, की द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता टाकीच्या पोलादातूनच ओढून घेतो. बाहेर चाळीस अंशांचे ऊन असताना पोलाद उणे चाळीसवर जाऊ शकते. बर्फाचे कारखाने, मासळीची शीतगृहे, प्राणवायूचे कारखाने, खतांचे कारखाने या सर्वांत काम करणाऱ्यांच्या हाताशी ही थंडी आहे.

रेल्वेचेही असेच. रुळाच्या पोलादात कर्ब अधिक असतो. झीज सोसण्यासाठी तो लागतो, पण त्यामुळे ते पोलाद साध्या हवेतही फारसे चिवट नसते. लांबच लांब जोडलेला रूळ थंडीत आकसू पाहतो, आणि जखडलेला असल्यामुळे आकसू शकत नाही. मग त्यात ताण साठतो. साठ किलोच्या रुळात उष्णतामान एका अंशाने उतरले की पावणेदोन टनांहून थोडा अधिक ताण वाढतो. वीस अंश उतरले की पस्तीस टनांच्या वर. त्यात एखादी जुनी बारीक चीर असली आणि वरून गाडीचा आघात आला, की तिन्ही साथीदार जमले. म्हणून हिवाळ्याच्या रात्री रेल्वेचे कामगार हातात दिवा घेऊन रुळांची गस्त घालतात. आपण पांघरुणात गाडीतून निजून जातो, ते त्यांच्या पायांच्या भरवशावर.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, पत्रा घेताना त्याचे अक्षर वाचावे. भारतीय मानक २०६२ मध्ये बांधकामी पोलादाच्या प्रती आहेत. 'ए' प्रतीला आघाताची चाचणीच नाही. 'बी शून्य' प्रतीची चाचणी शून्य अंशाला घेतात, 'सी' प्रतीची उणे २० अंशांना. आणि ई २५० या नेहमीच्या पोलादाला त्या उष्णतामानाला निदान २७ ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. २७ ज्यूल म्हणजे पावणेतीन किलोचे वजन एक मीटरवरून पडावे एवढी. एका अक्षराचा फरक, पण त्यात माणसाचा जीव असू शकतो. दुसरी गोष्ट, ज्या पात्रावर किंवा नळावर एरवी बर्फ धरत नाही, त्यावर तो धरलेला दिसला तर ती धोक्याची घंटा समजावी. तेथे ठोकाठोक करू नये, वाफ किंवा गरम द्रव सोडू नये. माणसे दूर करावीत आणि जाणत्याला बोलवावे. दाब उतरवून, सावकाश उबेला आणणे हे त्याचे काम. तिसरी, प्रत्येक पात्र कमीत कमी किती उष्णतामानाला चालवावयाचे तो आकडा, ते चालविणाऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांसमोर लिहून द्यावा. आणि चौथी, काही मोडले तर तुटलेला तुकडा फेकू देऊ नये. त्याचा चेहरा राखी की चकचकीत ते पाहावे, आणि मोडतेवेळी उष्णतामान किती होते ते चौकशीच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहावयास लावावे.

मोडलेला तुकडा खोटे बोलत नाही. तो किती थंडीत तुटला, खाच कोठे होती, आघात कोणत्या बाजूने आला, हे सगळे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. ते वाचावयास शिकणे ही काही मोठ्या पदवीची मिरास नाही. ज्याच्या हातातून पोलाद जाते, त्याला ते वाचता आले पाहिजे. म्हणजे पुढच्या चौकशीत 'कोणी मोडली?' असे विचारले जाईल तेव्हा मेजाच्या अलीकडून कोणीतरी शांतपणे म्हणेल, "साहेब, आधी सांगा, तेव्हा पारा किती होता?"